तिकिटाचे पैसे जरूर घ्या, मुलांच्या हट्टाचे नकोत

प्रति,
बालनाट्ये, जादूचे प्रयोग, सर्कस आणि मुलांसाठीचे रंगमंचीय कार्यक्रम आणणारे सर्व निर्माते व आयोजक,
तसेच सार्वजनिक नाट्यगृहे चालवणाऱ्या महापालिका आणि नगरपरिषदा

सप्रेम नमस्कार.

मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या शहरातल्या नाट्यगृहात मुलांच्या नाटकाला गेलो, तेव्हा दारावर नवा फलक लागलेला होता. बाहेरचे खाद्यपदार्थ आणि पाणी आत नेण्यास मनाई. नाट्यगृह महापालिकेचे, फलक आयोजकांचा. शेजारी टेबल टाकून पिशव्या उघडून पाहणे चालू होते. घरून भरून आणलेल्या बाटल्या टेबलाखाली ओळीने ठेवल्या होत्या आणि त्यांत गळ्यात अडकवायच्या पट्ट्याच्या, बालवाडीतल्या पोरांच्या बाटल्याही होत्या. आत लॉबीत वीस रुपये छापलेली पाण्याची बाटली चाळीसला मिळत होती. मध्यंतराच्या आधी रंगमंचावरच्या परीने मुलांना सांगितले, "बाहेर जादूची छडी मिळते, ती घेऊन या, मग आपण सगळे मिळून राक्षसाला पळवून लावू." छडी अडीचशे रुपयांची होती.

त्या नाट्यगृहाचे, त्या नाटकाचे किंवा आयोजकांचे नाव मी मुद्दाम घेत नाही. माझ्या नणंदेच्या शहरात हेच चालते, माझ्या भावाच्या गावी सर्कसचा तंबू लागतो तिथेही हेच चालते. कुणा एकाला धारेवर धरून प्रश्न सुटणार नाही, म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना आहे, आणि तुमच्या दारात रांगेत उभे राहणाऱ्या आयाबापांनीही ते वाचावे अशी इच्छा आहे.

मी एका पतसंस्थेत लिपिक आहे. यजमानांचा दुधाच्या गाड्यांमागे जाणारा छोटा टेम्पो आहे. दोन मुले आमची, आणि जावेचा एक मुलगा जो आमच्याच घरात वाढतो. माझी आई बचत गटाच्या बायकांबरोबर शाळेच्या कॅन्टीनचा ठेका चालवायची. वड्यासाठी बटाटे सोलणे, कढईतले तेल किती वेळा वापरायचे यावरून होणारे वाद, महिनाअखेरीची भाड्याची जमवाजमव हे सगळे मी पाहिलेले आहे. वडा कितीला पडतो आणि कितीला विकला तर विकणाऱ्याच्या घरात चूल पेटते, हे मला ठाऊक आहे. विकणाऱ्यांचा मला राग नाही. नफा कमवू नका असेही मी म्हणणार नाही.

जिवंत प्रयोगावर माझे मनापासून प्रेम आहे. १९५९ मध्ये सुधाताई करमरकरांनी लिटल थिएटर ही बालनाट्य संस्था सुरू केली आणि मुलांसाठी मोठ्यांनी, मोठ्यांइतक्याच तयारीने नाटक करायचे असते हे मराठी माणसाला दाखवले. १८८० मध्ये विष्णुपंत छत्र्यांनी सर्कस उभी केली तेव्हापासून तंबू हे आपल्याकडे घरातल्या सगळ्यांनी मिळून जायचे ठिकाण आहे. रामदास पाध्यांच्या अर्धवटराव या बोलक्या बाहुल्याशी बोलायला मिळावे म्हणून आमच्या पिढीची पोरे खुर्चीत उभी राहायची. मोबाइलच्या पडद्यावर दिवस घालवणाऱ्या माझ्या मुलांनी खऱ्या माणसाला खऱ्या घामात काम करताना पाहावे, तिसरी घंटा झाली की अंधारात श्वास रोखून बसावे, यासाठी मी दर सुट्टीत पैसे बाजूला टाकते. म्हणूनच हे जे चालले आहे ते मला गप्प बसून सोसवत नाही.

आधी हिशेब सांगते. आम्ही दोघी जावा आणि तीन मुले. तीनशेप्रमाणे पाच तिकिटांचे पंधराशे. हे पंधराशे मी आनंदाने दिले, घासाघीस मनातही आली नाही. आत गेल्यावर दोन बाटल्या पाणी ऐंशी, तीन पुडे पॉपकॉर्न तीनशे, दोन प्लेट वडे एकशे वीस, तीन छड्या साडेसातशे, आणि राक्षसाबरोबरचा एक फोटो दोनशे. एकूण चौदाशे पन्नास. म्हणजे नाटकाला जितके दिले जवळजवळ तितकेच नाटकाच्या भोवती द्यावे लागले. रिक्षाचे यात धरलेले नाहीत. पतसंस्थेत रोज माणसे पाचशे-हजाराच्या हप्त्यासाठी काउंटरवर मुदत मागतात, त्यामुळे चौदाशे पन्नास म्हणजे काय हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

या चौदाशे पन्नासातले पॉपकॉर्न आणि वडे टाळता आले असते, हे मान्य. नाटकाचे मध्यंतर म्हणजे वडा आणि चहा ही आपल्याकडची जुनी रीत आहे आणि ती मला आवडते. तिथे दहा रुपये जास्त गेले तर मी पत्र लिहायला बसले नसते.

माझी सगळ्यात मोठी तक्रार छडीची आहे.

पाच-सहा वर्षांचे मूल नाटक पाहत नसते, ते नाटकात असते. राक्षस आला की ते खरोखर घाबरते, परी म्हणाली "टाळ्या वाजवा" की जीव तोडून टाळ्या वाजवते, कारण आपल्या टाळ्यांनी परी वाचणार आहे असे त्याला मनापासून वाटते. बालरंगभूमीची सगळी ताकद या विश्वासात आहे. त्याच विश्वासाच्या जोरावर तुम्ही परीच्या तोंडून विक्री करवता. तुमच्या परीने "छडी घेऊन या" म्हटल्यावर माझ्या धाकट्याच्या लेखी ती खेळण्याची जाहिरात नव्हती, ती परीने त्याच्यावर सोपवलेली कामगिरी होती. छडी नाही घेतली तर परी हरेल, आणि ती माझ्यामुळे हरेल, असे त्याला वाटत होते. तो हट्ट करत नव्हता, काकुळतीला आला होता. आमच्या मागच्या रांगेत एक बाई दोन मुलींना घेऊन आल्या होत्या. त्यांनी छडी घेतली नाही, बहुधा घेता आली नसावी. मध्यंतरानंतर दिवे मंद झाले, शे-दीडशे छड्या लुकलुकायला लागल्या, परीने "ज्यांच्या हातात छडी आहे त्यांनी वर करा" म्हटले, तेव्हा त्यातली मोठी मुलगी रिकामा हात वर करून बसली आणि मग तिने तो हळूच खाली घेतला.

हे दृश्य लिहिणाऱ्या लेखकाने आणि बसवणाऱ्या दिग्दर्शकाने एकदा प्रेक्षागृहात मागच्या रांगेत बसून पाहावे. ज्या कुटुंबांनी सारखेच तीनशे रुपये देऊन सारख्याच खुर्च्या घेतल्या, त्यांच्या मुलांमध्ये तुम्ही नाटकाच्या मधोमध भेद केलात. मोठ्यांच्या नाटकात नायकाने मध्येच प्रेक्षकांना "बाहेर जाऊन अमुक विकत घ्या, नाहीतर माझा शेवट वाईट होईल" असे सांगितले तर प्रयोग बंद पडेल. मुलांना मात्र हे निर्धास्तपणे सांगितले जाते, कारण ती बुकिंग खिडकीवर येऊन भांडत नाहीत.

जादूच्या प्रयोगात आणि सर्कशीतही याचे भाऊबंद आहेत. विदूषक लाल दिव्याचे नाक लावून येतो आणि पाचच मिनिटांत तीच नाके घेतलेली माणसे खुर्च्यांच्या रांगांमधून फिरू लागतात. खेळ चालू असताना, कसरतपटू वर झुल्यावर असताना, खाली "नाक घ्या, नाक घ्या" चालते. जिवावर उदार होऊन काम करणाऱ्या त्या कलाकाराचाही यात अपमान आहे.

दुसरी तक्रार पाण्याची आणि डब्याची. माझ्या जावेच्या मुलाला टाइप-१ मधुमेह आहे. तो नऊ वर्षांचा आहे, दिवसातून चार वेळा इन्सुलिन घेतो. त्याच्या पिशवीत ग्लुकोजची पुडी, बिस्किटे आणि पोळीचा डबा कायम असतो. डॉक्टरांनी शिकवलेला नियम घरातल्या सगळ्यांना पाठ आहे: हात थरथरले, घाम फुटला, तो चिडचिडा झाला की साखर तपासायची, खाली आली असेल तर पंधरा ग्रॅम ग्लुकोज लगेच द्यायचे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे. दारावरच्या माणसाने त्याचा डबा काढून ठेवला आणि डॉक्टरांचा कागद मागितला. नाटकाला येताना कागद कोण आणतो? जावेने रांगेतल्या सगळ्यांसमोर मुलाचा आजार समजावून सांगितला. मूल मान खाली घालून उभे होते. शेवटी आतून कुणी व्यवस्थापक आले आणि त्यांनी डबा आत जाऊ दिला. त्या व्यवस्थापकांचे आभार मी तिथेच मानले. पण ज्या गोष्टीसाठी परवानगी मागावी लागायलाच नको, तिची परवानगी मिळाली म्हणून समाधान मानायला मी तयार नाही.

कायद्याची बाजू मी जमेल तितकी समजून घेतली आहे. ३ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जम्मू-काश्मीरच्या चित्रपटगृहांच्या प्रकरणात निर्णय दिला की चित्रपटगृह ही मालकाची खासगी जागा आहे आणि बाहेरच्या खाद्यपदार्थांना मनाई करण्याचा अधिकार त्याला आहे. हा निर्णय तुमच्या बाजूचा आहे, हे मी लपवत नाही. पण त्याच सुनावणीत पिण्याचे शुद्ध पाणी मोफत द्यावे लागेल आणि लहान मुलांसाठी आईवडिलांनी आणलेला बेताचा खाऊ अडवू नये, हेही नोंदले गेले. म्हणजे खासगी चित्रपटगृहालाही जी सवलत द्यावी लागते, ती लोकांच्या कराच्या पैशांतून बांधलेल्या नाट्यगृहात मुलांच्याच प्रयोगाला काढून घेतली जाते. आमच्या नाट्यगृहातला पाण्याचा कूलर बंद होता. नळाला तोटी नव्हती. घरची बाटली दारात काढून घ्यायची आणि आतला कूलर बंद ठेवायचा, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येणार नाहीत.

छापील किमतीचेही तसेच. वेष्टनावरच्या कमाल किमतीपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत. एकाच बंद मालावर वेगवेगळ्या ठिकाणांसाठी वेगवेगळ्या किमती छापण्याची पळवाटही १ जानेवारी २०१८ पासून बंद झाली आहे. हॉटेलांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०१७ रोजी वेगळा निकाल दिला, कारण तिथे टेबल, खुर्ची, वाढणारा माणूस अशी सगळी सेवा पाण्याबरोबर येते. लॉबीत टेबल मांडून हातात बाटली देणारा माणूस यातली कोणती सेवा देतो, हे आयोजकांनी सांगावे. मी बिल मागितले तेव्हा "बिल नसते ताई" असे उत्तर मिळाले. बिल न देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा म्हणून लिहिलेली आहे. दरपत्रक कुठेही लावलेले नव्हते, त्यामुळे रांगेत पुढे उभ्या असलेल्याला एक भाव आणि गर्दी वाढल्यावर दुसरा भाव, असेही मी पाहिले. ऑनलाइन तिकीट काढताना खाऊचे पाकीट आपोआप निवडलेले येते आणि लक्षात आले नाही तर त्याचे पैसे जातात, हा प्रकार माझ्या शेजारणीच्या बाबतीत झाला. न विचारता बिलात वस्तू घालणे हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत फसवे ठरवलेले आहे.

आता वस्तूंचा दर्जा. अडीचशेची छडी दुसऱ्या दिवशी दुपारी बंद पडली. ते एक वेळ सोडून देऊ. पण तिच्या तळाचे झाकण नुसत्या नखाने निघत होते आणि आत तीन बटण सेल होते. बटण सेल लहान मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजल्यासारखी जखम करतो. खेळण्यांच्या बॅटरीचे झाकण स्क्रूने बंद असावे लागते ते याचसाठी. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात मुलांची खेळणी आयएसआय चिन्हाशिवाय विकता येत नाहीत. छडीवर कोणतेच चिन्ह नव्हते, बनवणाऱ्याचे नावही नव्हते. खाऊच्या बाबतीतही तेच. गुलाबी बुढ्ढी के बाल प्लास्टिकच्या पिशवीत भरून विकले जात होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुदुच्चेरी आणि तमिळनाडूने याच पदार्थाच्या विक्रीवर बंदी आणली, कारण त्यात ऱ्होडामाइन-बी हा कापड रंगवायचा रंग सापडला होता. आपल्याकडे विकला जाणारा प्रत्येक पुडा तसा आहे असे मी म्हणत नाही. पण विकणाऱ्याकडे अन्न परवाना आहे की नाही, हे विचारण्याची सोय तरी हवी. रस्त्यावरच्या गाडीवाल्याला आम्ही रोज भेटतो, उद्या पुन्हा भेटणार असतो. तुमच्या लॉबीतला विक्रेता तीन तासांत टेबल उचलून दुसऱ्या गावी जातो.

फोटोबद्दल थोडक्यात. आत शिरताना एक छायाचित्रकार न विचारता मुलांना राक्षसाच्या शेजारी उभे करून फोटो काढतो. बाहेर पडताना तो फोटो चौकटीत घालून मुलाच्या हातात दिला जातो आणि मग किंमत सांगितली जाते. मुलाच्या हातातून तो परत घ्यायचा, की दोनशे रुपये काढायचे, एवढेच आईबापांपुढे उरते. माझ्या मुलाचा फोटो माझ्या संमतीशिवाय काढू नका, आणि मी नको म्हटले तर तो माझ्यासमोर पुसून टाका.

तुमची अडचण मला कळत नाही असे नाही. मुलांच्या नाटकाचे तिकीट फार चढवता येत नाही. नाट्यगृहाचे भाडे, नेपथ्याची गाडी, कलाकारांच्या नाइट म्हणजे दर प्रयोगाचे मानधन, वर्तमानपत्रातली जाहिरात हे सगळे मोठ्यांच्या नाटकाइतकेच लागते, आणि प्रयोग मात्र सुट्ट्यांपुरतेच होतात. सर्कसवाल्यांची ओढाताण तर त्याहून जुनी आहे. वन्यप्राण्यांचे खेळ करण्यास मनाई करणाऱ्या १९९८ च्या सरकारी अधिसूचनेनंतर वाघ-सिंह-अस्वले गेली, २०११ मध्ये न्यायालयाने लहान मुलांना काम देण्यावर बंदी घातली. दोन्ही गोष्टी योग्यच झाल्या, पण त्यानंतर तंबू भरणे अवघड झाले, आणि करोनात उरलेसुरलेही गेले. लॉबीतल्या विक्रीतून चार पैसे मिळतात म्हणून प्रयोग उभा राहतो, असे एका व्यवस्थापकांनीच मला सांगितले. मग ते पैसे तिकिटात घ्या. नाटक आणि सर्कस यांच्या पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी लागत नाही, म्हणजे तीनशेचे तिकीट साडेतीनशे केले तर वरचे पन्नास रुपये करात न जाता तुमच्याच हाती राहतील. साडेतीनशे रुपये मला घरी बसून दिसतील, परवडते की नाही ते मी घरीच ठरवीन, आणि नसेल परवडत तर सुट्टीत दोनऐवजी एकच प्रयोग पाहीन. मुलाच्या डोळ्यांत पाणी आल्यावर अंधारात पाकीट उघडायला लावू नका.

आम्ही पालक आमच्या बाजूने करायचे ते करतोच. निघण्याआधी मुलांना पोटभर पोहे किंवा थालीपीठ खाऊ घालतो. आमच्या वाड्यातल्या बायकांनी ठरवले आहे की प्रत्येक मुलाच्या हातात घरूनच पन्नास रुपये द्यायचे आणि सांगायचे, याचे काय करायचे ते तुझे तू ठरव, खा किंवा साठव. यातून मुले फार शहाणी होतात. माझी मोठी दोन प्रयोगांचे पैसे साठवून पुस्तक घेऊन आली. नाटकाच्या आदल्या दिवशी घरात पुठ्ठ्याचे मुकुट, चमकीच्या कागदाच्या छड्या करतो, म्हणजे हात रिकामा राहत नाही आणि आदला दिवसही उत्साहात जातो. बसण्याची जागा दाराजवळची न घेता मधली घेतो, म्हणजे विक्रेत्याची टोपली नाकासमोर येत नाही. जे मूल हट्ट धरते त्याला "आठवण म्हणून तिकिटाचा अर्धा भाग वहीत चिकटव, त्याच्या शेजारी तुला आवडलेला प्रसंग काढ" असे सांगतो. माझ्या मुलांच्या अशा वह्या झाल्या आहेत आणि त्यांना त्या कोणत्याही लुकलुकत्या खेळण्यापेक्षा प्रिय आहेत. हे सगळे मी इथे सविस्तर लिहिते आहे, कारण हे पत्र वाचणाऱ्या आयांना ते उपयोगी पडावे. पण तुम्ही दारातच पाणी आणि डबा काढून घेता, घरची पुठ्ठ्याची छडी पाहून परी "ही नाही, बाहेरची दिव्याची छडी हवी" म्हणते, तेव्हा आमचे सगळे उपाय तुमच्या दारात संपतात.

म्हणून आयोजकांकडे मागण्या अशा आहेत. घरचे पाणी, लहान मुलांचा डबा आणि आजारासाठी लागणारे खाणे कोणताही कागद न मागता आत येऊ द्यावे. नाटकाच्या संहितेत विक्रीच्या वस्तूला जागा देऊ नये. एखाद्या प्रसंगासाठी मुलांच्या हातात काही हवेच असेल तर ते प्रत्येक मुलाला तिकिटातच द्यावे, कागदाची टोपी किंवा रंगीत पट्टीही चालेल, किंवा घरी कसे करायचे ते जाहिरातीबरोबर आधी सांगावे आणि घरी केलेल्या वस्तूचे रंगमंचावरून स्वागत करावे. प्रयोग चालू असताना प्रेक्षागृहात विक्री नको. विक्रीची टेबले स्वच्छतागृहाच्या आणि बाहेर पडण्याच्या वाटेवर नकोत. दरपत्रक मोठ्या अक्षरांत लावावे, छापील किमतीपेक्षा एक रुपया जास्त घेऊ नये, बिल द्यावे, आयएसआय चिन्हाशिवाय खेळणे ठेवू नये. फोटो विचारून काढावा आणि किंमत आधी सांगावी. आठवणवस्तू विकायचीच असेल तर वीस-तीस रुपयांचीही एखादी ठेवावी: नाटकाचे चित्र असलेले वाचनखूण कार्ड, पात्रांचे स्टिकर, रंगवायचा कागद. कमी पैशांचे मूलही काहीतरी घेऊन घरी जाईल आणि तुमच्या नाटकाचे नाव त्याच्या घराच्या भिंतीवर राहील.

महापालिका आणि नगरपरिषदांना वेगळे सांगायचे आहे, कारण मूळ तिथे आहे. नाट्यगृहाच्या कॅन्टीनची निविदा जास्तीत जास्त भाडे देईल त्याला मिळाली, की तो ते भाडे वड्यातून आणि पाण्यातून वसूल करणार, दुसरे करणार काय? माझ्या आईच्या गटाने एकदा शाळेच्या ठेक्यासाठी बोली लावली होती, ती दुसऱ्याने दीडपट भाडे देऊन नेली. पुढच्या महिन्यात वड्याचा आकार निम्म्यावर आला. भाड्याबरोबर पदार्थांचे दर आणि वजनही निविदेत लिहून घ्या. मुलांच्या प्रयोगांच्या दिवशी लॉबीतली एक जागा स्थानिक महिला बचत गटांना ठरलेल्या दरात द्या. नाट्यगृह भाड्याने देताना आयोजकांच्या करारात एक ओळ घाला की प्रेक्षकांचे पाणी आणि लहान मुलांचा खाऊ अडवला जाणार नाही. पाण्याचे कूलर आणि नळ दुरुस्त ठेवा, ते प्रयोगाच्या आधी तपासण्याची जबाबदारी एका कर्मचाऱ्याच्या नावावर टाका. तक्रारवही बुकिंग खिडकीवर सर्वांना दिसेल अशी ठेवा आणि त्या वहीतल्या नोंदींना उत्तर द्या. यातल्या कशालाच मोठा निधी लागत नाही.

दिवाळीच्या सुट्टीतल्या प्रयोगांच्या जाहिराती आता लागतील. आमच्या वाड्यातल्या आणि मुलांच्या शाळेतल्या पालकांनी ठरवले आहे की तिकीट काढण्याआधी आयोजकांना फोन करून तीन प्रश्न विचारायचे: घरचे पाणी आणि डबा आत येऊ देणार का, रंगमंचावरून काही विकत घ्यायला सांगणार का, आणि दरपत्रक लावणार का. ज्यांचे उत्तर सरळ येईल त्यांची तिकिटे आम्ही एकत्र काढू आणि त्यांचे नाव इतर पालकांना कळवू. जिथे छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले जातील, तिथे वजन-मापे आणि छापील किमती तपासणाऱ्या वैधमापन विभागाकडे लेखी तक्रार करू आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही नोंदवू. या पत्राची एक प्रत मी आमच्या नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांना आणि एक महापालिकेच्या आवक-जावक विभागात पोच घेऊन देते आहे. उत्तर दिवाळीआधी मिळावे.

आपली,
तीन मुलांना घेऊन प्रयोगाला येणारी एक प्रेक्षक